माणगांवकरांचं टिंब

भाऊबीजेला भावानं ओवाळणीत काय घालावं, याला काही धरबंध असावा की नाही? साडी घालावी, पाकीट घालावं, अगदीच काही सुचलं नाही तर काजूकतलीचा डबा आहेच. नंदकिशोर माणगावकरांनी बहिणीच्या तबकात गुळगुळीत कागदाचं एक रंगीत माहितीपत्रक ठेवलं. ‘मोगरा ज्येष्ठ निवास, नेरळ.’ वर पांढऱ्या केसांच्या एका बाईंचा हसरा फोटो, मागे डोंगर. कागद निरांजनाला लागेल म्हणून नीलाताईंनी तो जरा बाजूला सरकवला आणि भावाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

“वाचून बघ, ताई,” नंदूमामा पाटावरून उठत म्हणाले. “घाई नाही. फक्त महिनाअखेरपर्यंत त्यांना कळवायचंय.”

“म्हणजे घाई आहे,” शर्मिष्ठा म्हणाली. तिच्या मस्तकात तिडीक गेली होती. “मामा, आजच्या दिवशी हे? आणि तेही ओवाळणीत?”

“मग कधी? तुम्ही सगळे एकत्र सापडता कधी? दिवाळीला, नाहीतर तेराव्याला.”

“शुभ बोल रे नंदू,” नीलाताई म्हणाल्या आणि तबक घेऊन आत गेल्या.

मामांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. नीलाताई अठ्ठ्याहत्तरीच्या. गोरेगाव पूर्वेच्या या दोन खोल्यांत नवरा गेल्यापासून एकट्या राहत होत्या आणि आजवर त्यांनी कुणाला म्हणून त्रास दिला नव्हता. पण चैत्रात त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि टेरेसवर पापड बघायला गेल्या, त्या तिथेच शेजारणीशी बोलत बसल्या. पातेल्याचा कोळसा झाला. श्रावणात तर त्या भाजी घेऊन आल्या आणि आपल्या विंगेऐवजी पलीकडच्या विंगेत चढल्या. परक्या माणसाच्या कुलपात किल्ली फिरवत उभ्या! तो बिचारा दार उघडून विचारतोय, काय हवंय आजी, आणि या त्यालाच विचारतायत, तू माझ्या घरात काय करतोयस? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्या दिवशी त्याचं रामायण झालं.

शर्मिष्ठा त्यांची एकुलती एक लेक. मालाडच्या शाळेत मराठी शिकवायची आणि बोरिवलीला सासू, सासरे, नवरा आणि मुलीसह राहायची. “आई, माझ्याकडे चल,” असं तिनं शंभरदा म्हटलं असेल. नीलाताईंचं उत्तर ठरलेलं. माझं घर आहे, माझी खिडकी आहे, आणि खिडकीतून दिसणारं ते बदामाचं झाड मी लावलंय, मी कुठे येत नाही.

इथपर्यंतही ठीक होतं. पण गणपतीत पार्ल्याला मामांच्या घरी सगळे जेवायला बसलेले असताना मामांनी विहीर काढली, आणि तिथे सगळं फिसकटलं.

विहिरीची गोष्ट शर्मिष्ठा पाळण्यात होती तेव्हापासून ऐकत आली होती. पार्ल्याच्या वाडीत राहत असताना, शाळकरी वयात, नीलाताईंनी म्हणे विहिरीत उडी मारून एका बुडणाऱ्या पोराला बाहेर काढलं होतं. त्यांचं नाव पेपरात छापून आलं होतं. कुठल्या पेपरात? तर ‘साष्टी समाचार’. कुठल्या साली? मी आठवीत होते. की नववीत? सुट्टी होती, वाडीत आंबे उतरवत होते. आणि ते पोर कुणाचं? होतं एक वाडीतलं. यापुढे गोष्ट कधी जायची नाही. मामा दर वेळी हसायचे. “दर दिवाळीला ती विहीर दोन हात खोल होते,” म्हणायचे, आणि सगळं घर हसायचं. नीलाताईही हसायच्या.

या गणपतीत मात्र मामा हसले नाहीत. वरणभात कालवत म्हणाले, “ताईचं डोकं आत्ता कुठे बिघडलंय? ती विहीरच बघा ना. जे माणूस पन्नास वर्षं न घडलेली गोष्ट सांगतंय, त्याला एकटं कसं ठेवायचं?”

“आणि घडलेली निघाली तर?” शर्मिष्ठानं ताट पुढे सारून विचारलं होतं.

“तर मी तिच्या घराचा विषय जन्मात काढणार नाही. पण भाऊबीजेपर्यंत दाखवायचं. नाही दाखवलंस, तर ताई नेरळला.”

“ठरलं,” शर्मिष्ठा म्हणाली. आईला न विचारता. नीलाताई तेव्हा एवढंच पुटपुटल्या होत्या, “कशाला उकरता रे पोरांनो?”

झालं होतं असं की ‘साष्टी समाचार’ बंद पडून जमाना लोटला असला, तरी त्याचे सगळे अंक कुठल्याशा ग्रंथालयानं स्कॅन करून इंटरनेटवर टाकले होते. शर्मिष्ठाला ते कळलं तेव्हा तिला वाटलं, चुटकीसरशी काम होणार. एक संध्याकाळ ती खुशीत होती. नंतर तिला कळलं की ती वेबसाइट ज्यानं कुणी बनवली, त्यानं माणसांवरचा जुना राग काढला होता.

तारीख टाकायची तर आकडे लिहायची सोय नाही. चालू महिन्याचं कॅलेंडर उघडायचं आणि मागे जायला एकच बाण. एका दाबाला एक महिना. साठ-एकसष्टच्या उन्हाळ्यापर्यंत दाबत जायचं, आणि बोट जरा इकडचं तिकडे झालं की पुन्हा आपलं चालू महिन्यावर! पान उघडायलाही वेळ लागायचा. उघडलं की ते एवढं मोठं, की पडद्यावर फक्त कोपऱ्यातली केशतेलाची जाहिरात दिसायची. ती सरकवत सरकवत बातमीपर्यंत पोचावं, तोवर ‘आपले सत्र संपले आहे’ अशी पाटी यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन उन्हाळ्यांचे सगळे अंक असे बघायला तिला निवृत्तीच घ्यावी लागली असती.

शब्द घालून शोधण्याची सोय होती, पण ती म्हणजे निव्वळ चेष्टा. जुनी फिकट पानं मशीननं वाचलेली, आणि मशीननं आपल्या अकलेनं अक्षरं लावलेली. ‘विहीर’ शोधलं की ‘बिहार’ यायचं. बिहारचा दुष्काळ, बिहारची निवडणूक, बिहारमधल्या रेल्वेच्या बातम्या. शर्मिष्ठा मराठीची बाई. जुन्या छपाईत अनुस्वारांचा पाऊस असायचा हे तिला पाठ होतं. म्हणून तिनं ‘विहिरींत’ लिहून पाहिलं, ‘मुलीनें’ लिहून पाहिलं, ‘वांचविलें’सुद्धा लिहून पाहिलं. मुलींनी कायकाय केलं त्याच्या ढीगभर बातम्या आल्या, त्या सगळ्या उघडून बघणं शक्यच नव्हतं. आईचं माहेरचं नाव घातलं तर एकही नाही. नावात ती फेरफार करणार तरी काय? नावाला शुद्धलेखनाचे नियम नाहीत, माणूस जसं लिहील तसंच त्याचं नाव, असं ती स्वतःच दरवर्षी वर्गात सांगायची.

आणि आता भाऊबीज उजाडली होती.

जेवणं झाली. मामांनी बडीशेप तोंडात टाकली, आरामखुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाले, “हं शमे, दाखव तुझा पुरावा.”

“दाखवते. दम धर.”

“किती दम धरू? गणपतीपासून धरलाय.”

शर्मिष्ठानं लॅपटॉप उघडला. साइटनं आधी ती माणूस असल्याची खात्री करून घ्यायला चित्रांचे नऊ चौकोन पुढे टाकले. मोटारसायकली ओळखा.

“ती बघ, ती बघ,” मागून मामी म्हणाल्या. मामी वाकून बघत होत्या, हातात पानाचा डबा. “खालचीही घे.”

“मामी, ती सायकल आहे.”

“पण त्या कोपऱ्यात हँडल दिसतंय मोटारसायकलचं. अर्धं हँडल धरायचं का?”

“धर,” मामा म्हणाले.

“धरायचं नसतं बाबा,” देवव्रत म्हणाला. देवव्रत मामांचा मुलगा, अंधेरीला एका कंपनीत संगणकाचंच काम करायचा, म्हणून या घरात त्याचा शब्द शेवटचा. शर्मिष्ठानं हँडल सोडून दिलं. साइट म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. या खेपेला जिने ओळखा.

“सांगत होतो, हँडल धर,” मामा म्हणाले.

तीनदा जिने, एकदा नळ आणि एकदा पूल ओळखून झाल्यावर त्यांना आत प्रवेश मिळाला. शर्मिष्ठानं ‘नीला माणगावकर’ लिहिलं. पडद्यावर गोल चाक फिरत राहिलं. सगळे त्या चाकाकडे बघत बसले. मग उत्तर आलं. ‘एकही निकाल नाही. आपणांस नीलम मंगळसूत्रवाले असे म्हणावयाचे आहे काय?’

मामा खो खो हसले. “म्हण की! तेच म्हण!”

“हसू नकोस मामा. हे मशीन मूर्ख आहे.”

“मशीन मूर्ख, सोसायटीवाले मूर्ख, गॅस मूर्ख. शहाणी फक्त ताई.”

“आई खोटं बोलत नाही.”

“खोटं कोण म्हणतंय? तिला खरंच वाटत असेल गं. पण जरा विचार कर. विहिरीत उडी मारून पोर वर आणणं म्हणजे काय, ते पाण्यात उतरणाऱ्याला विचार. मी आजही रोज सकाळी चाळीस लॅप मारतो. बुडणारं माणूस गळ्याला मिठी मारतं, त्याला आणणं भल्याभल्यांना जमत नाही. आणि हिला पोहता तरी येतं का? गोराईला सहलीला गेलो होतो, आठवतं? पायाला लाट लागली तर किंचाळली होती.”

हे मात्र खरं होतं. मामांच्या दिवाणखान्यात पोहण्याच्या मेडलांचं एक कपाटच होतं. साठी उलटल्यावरही ज्येष्ठांच्या स्पर्धेत ते पहिले यायचे, आणि दर मे महिन्यात पार्ल्याच्या पोरांना पोहायला शिकवायचे. उलट नीलाताई बादलीभर पाण्यानं अंघोळ करायच्या तीसुद्धा तांब्यातांब्यानं. शॉवरखाली उभ्या राहायच्या नाहीत. शर्मिष्ठानं आईला पाण्यात पाय बुडवून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“तेव्हा येत होतं पोहायला,” नीलाताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. पदराला हात पुसत त्या तिथेच उभ्या होत्या. “शमे, राहू दे गं. बंद कर तो डबा.”

शर्मिष्ठानं वळून आईकडे पाहिलं. आईचा चेहरा ओढलेला होता. गणपतीपासून ती हेच म्हणत होती, राहू दे, उकरू नका. ज्याची गोष्ट खरी आहे ते माणूस असं का म्हणेल? शर्मिष्ठाच्या मनात ती शंका आली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पण आली ती आली.

“देवा, तू तरी सांग याला,” ती म्हणाली. “असं मशीन चुकतं की नाही?”

“चुकतं गं. खूप चुकतं.” देवव्रत खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसला होता. सकाळपासून तो वडिलांची बाजू घेत होता, पण समोर बिघडलेलं काही दिसलं की त्याला राहवायचं नाही. “नुसतं ‘नीला’ टाक. नुसतं ‘पार्ले’ टाक. ‘धाडसी मुलगी’ टाक.”

“सगळं टाकलं रे. ‘धाडसी मुलगी’ला सर्कशीची जाहिरात आली.”

“हे बनवलंय कुणी, यार? वाट लावलीय नुसती.” त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढून खटाखट चार गोष्टी करून पाहिल्या. सत्र संपलं. पुन्हा मोटारसायकली आल्या. देवव्रतनं कपाळाला हात लावला. मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, “शमाताई, एक बोलू? आत्याला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणत होते ना, अशा वेळी माणूस गोष्टी जुळवतं. कुणीतरी सांगितलेलं असतं, वाचलेलं असतं, ते आपलंच वाटायला लागतं. आत्याचा त्यात दोष नाही.”

“म्हणजे तूपण?”

“मी कुणाच्याच बाजूनं नाही. मला फक्त आत्याची काळजी वाटते.”

“एवढी काळजी आहे तर पार्ल्याला न्या ना तिला! तीन बेडरूम आहेत तुमच्या.”

मामींचा पानाचा डबा खटकन बंद झाला. “हे बघ शर्मिष्ठा, मी स्पष्ट बोलते. माझे गुडघे गेलेत. वन्संच्या मागे लागून त्यांचं करणं मला होणार नाही. आणि वन्संनाही माझ्या हातचं आवडायचं नाही, हे त्याच सांगतील. नेरळला चांगली हवा आहे, नर्स आहे, बाग आहे.”

“बाग इथेही आहे,” नीलाताई म्हणाल्या.

“इथे एक बदामाचं झाड आहे, ताई,” मामांचा आवाज आता खरंच थकलेला होता. “आणि गॅस आहे. एके दिवशी मला फोन येईल, की दार फोडलं. मी काय करायचं तेव्हा? तुला राग यायचाय तो येऊ दे. शमे, दिवाळी संपली, मुदत संपली. ठरल्याप्रमाणे करू. ताई, किल्ली दे. पुढच्या आठवड्यात मी गाडी घेऊन येतो, सामान बांधू.”

शर्मिष्ठाला वाटलं, आई भांडेल. निदान रडेल. नीलाताई आत गेल्या, सकाळचं तबक घेऊन आल्या. ते माहितीपत्रक अजून त्यातच होतं, कडेला कुंकू लागलेलं. त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि त्या कागदावर ठेवली. ठरलं असं शर्मिष्ठानंच म्हटलं होतं. ना आईला विचारलं, ना कुणाला. आईचं घर तिनं ताटावर बसल्या बसल्या पैजेला लावलं होतं.

तबक ठेवायला नीलाताई टेबलाशी आल्या, तशी त्यांची नजर पडद्यावर गेली. देवव्रतनं पुन्हा तेच नाव लिहून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि डोळे बारीक करून वाचलं.

“हे कुणाचं नाव शोधताय?”

“तुझंच, आई.”

“हे माझं नाव नाही.”

मामांनी देवव्रतकडे पाहिलं. मान हलवली. देवव्रतनं नजर खाली घातली. मामी हळूच “अरे देवा” म्हणाल्या. आई विंग विसरली, दूध विसरली, पण हे?

“आई,” शर्मिष्ठा लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, “नीला माणगावकर. लग्नाआधीचं तुझं नाव. आठवतं ना?”

“मला शिकवू नकोस शमे!” नीलाताईंनी टेबलावर हात आपटला. किल्ली तबकात उडाली. “इतके दिवस बघतेय, सगळे मिळून भलतंच नाव लिहिताय आणि सापडत नाही म्हणून मला वेडी ठरवताय. टिंब कुठंय?”

“कसलं टिंब?”

“माणगांवकर. ‘गां’वरचं टिंब. आमच्या बाबांनी जन्मभर दिलं, मी लग्न होईपर्यंत दिलं. शाळेच्या दाखल्यावर आहे. या नंदूनं नोकरीला लागल्यावर काढून टाकलं, दारावरची पाटी बदलली, आणि आता तुम्हाला वाटतं तेच आमचं आडनाव.”

“मी नाही काढलं,” मामा एकदम उसळले. “ऑफिसच्या शिक्क्यावर ते आलंच नाही. आणि अनुस्वार सरकारनंच काढले, मी कशाला काढू?”

“सरकारनं पाटी रंगवली होती का आपल्या दारावरची?”

शर्मिष्ठा आ वासून बसली होती. आई आजही यादी लिहिताना ‘पांच कांदे’ लिहायची, ‘नांव’ लिहायची. आणि शर्मिष्ठा, मराठीची बाई, सवयीनं पेन उचलून प्रत्येक टिंबावर काट मारायची. आईनं कुठल्याशा फॉर्मवर माहेरचं आडनाव टिंबासकट लिहिलेलंही तिनं पाहिलं होतं. त्यावरही काट मारली होती. वर ‘आई, हे जुनं झालं’ असं ऐकवलंही होतं. पेपरातल्या प्रत्येक शब्दावर तिनं टिंबं देऊन पाहिली, आणि आईच्या नावावर मात्र मामांच्या पाटीवर विश्वास ठेवला.

“सरक,” ती देवव्रतला म्हणाली. नी, ला. मा, ण, गां.

चाक फिरलं. फिरतच राहिलं. मामा म्हणाले, “आता काय टिंबानं विहीर सापडणार?”

‘एक निकाल. मे १९६१. पृष्ठ तीन.’

“अगं बाई!” मामी म्हणाल्या.

पान उघडलं. कोपऱ्यात तीच ती केशतेलाची जाहिरात. शर्मिष्ठा पान सरकवत गेली, हवामान गेलं, सोन्याचा भाव गेला, नाटकांच्या वेळा गेल्या, आणि एका रकान्याच्या तळाशी बोटभर बातमी दिसली. वर ठळक अक्षरांत ‘शाळकरी मुलीचें धाडस’.

“आहे! मामा, आहे!” तिला हसू आणि रडू एकदमच आलं. “आई, आहे गं!”

नीलाताईंना आनंद झालेला दिसला नाही. त्या घाईनं पुढे आल्या आणि त्यांनी पडद्यावर चक्क हात ठेवला. “सापडली ना? मग झालं. मोठ्यानं वाचू नकोस. बंद कर आता.”

“का म्हणून?” मामांनी खुर्चीतून उठून लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. “मोठ्यानंच वाचायचं. बघू दे, काय काय तिखटमीठ लावलंय ते. देवा, माझा चष्मा.”

“नंदू, ऐक माझं.”

पण मामांनी कधी कुणाचं ऐकलं होतं? त्यांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि सभेत वाचावं तसं वाचायला सुरुवात केली.

“‘विलेपार्लें, ता. १५. येथील एका वाडींतील विहिरींत काल रविवारीं दुपारीं एक चार वर्षांचा मुलगा खेळतां खेळतां पडला असतां, कु. नीला माणगांवकर या चौदा वर्षांच्या मुलीनें क्षणाचाहि विलंब न करितां विहिरींत उडी टाकिली व त्यास वांचविलें. मुलानें तिच्या गळ्यास घट्ट मिठी मारिल्यानें दोघेंहि दोनदां पाण्याखालीं गेलीं, परंतु तिनें त्यास सोडिलें नाहीं. सदर मुलगा हा तिचा...’”

मामा थांबले. त्यांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला, परत लावला. पुढचं वाक्य त्यांनी अगदी हळू वाचलं.

“‘सदर मुलगा हा तिचा धाकटा भाऊ असून, चि. नंदकिशोर याची प्रकृति आतां उत्तम आहे.’”

मामींनी तोंडावर पदर धरला. देवव्रत एकदा वडिलांकडे, एकदा आत्याकडे बघत राहिला. मामा खुर्चीत बसले ते नीट बसलेच नाहीत, कडेवर टेकले.

“मी?” ते म्हणाले. “तो मी होतो?”

“तूच. दुसरं कोण एवढं वात्रट होतं वाडीत?”

“आणि मला कुणी... ताई, अगं पन्नास वर्षं मी तुझी टिंगल करतोय! एकदा, फक्त एकदा सांगायचंस ना माझ्या तोंडावर!”

“आईनं शपथ घातली होती. वाडीत सगळ्यांनाच घातली होती. पोराला कळलं तर पाण्याची भीती बसेल, म्हणाली, जन्मात पाण्यात उतरायचा नाही. पुढच्या वर्षी आपण वाडीच सोडली. मग कोण सांगणार होतं?” नीलाताईंनी तबकातल्या निरांजनाची काजळी बोटानं पुसली. “तू मेडलं आणायला लागलास, तेव्हा आई मला म्हणाली होती, बघ नीले, गप्प बसलो ते बरं झालं की नाही. मग मी कशाला सांगू? आज घरच जायला लागलं म्हणून तोंड उघडलं. नाहीतर तेही नसतं उघडलं.”

“आणि तू?” शर्मिष्ठानं विचारलं. “तू पुन्हा कधी पाण्यात...?”

“मला बसली भीती. मला काय कुणी शपथेनं सोडवणार होतं?” त्या भावाकडे बघून हसल्या. “तुला नाही ना बसली? झालं तर मग.”

मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी तबकात हात घातला. किल्लीखालून ते माहितीपत्रक ओढून काढलं, चुरगळलं आणि खिशात कोंबलं. किल्ली उचलून त्यांनी बहिणीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटली.

“पण बाबा, गॅसचं काय?” देवव्रतनं चाचरत विचारलं.

“गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसव! तू कसला इंजिनियर? दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लाव, म्हणजे विंग चुकायची नाही. तुझी आत्या घर सोडणार नाही, समजलं?” मामा देवव्रतवर असे ओरडले, जणू नेरळची कल्पना त्याचीच होती. मग ते लॅपटॉपकडे वळले. “परत वाचू दे मला ते. ‘तिनें त्यास सोडिलें नाहीं.’ कुठे गेलं? शमे, अगं, हे पुसलं कसं?”

पडद्यावर पाटी आली होती. ‘आपले सत्र संपले आहे.’ आणि खाली नऊ चौकोन. मोटारसायकली ओळखा.

“जळो ती साइट,” शर्मिष्ठा डोळे पुसत म्हणाली. “राहू दे मामा. सापडली ना एकदा.”

“राहू दे काय? परत लाव!” नंदूमामांनी खुर्ची टेबलाला भिडवली, बहिणीचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि मोटारसायकलींवर बोट ठेवलं. “ही घे, ही घे, आणि ते अर्धं हँडल सोड. आणि नाव नीट लिही आमचं. टिंब विसरू नकोस.”